राहून गेलेलं पथ्य

लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत, मराठी नवराबायकोला फोटोसाठी शेजारी उभं केलं की मध्ये एक पोर मावेल एवढी जागा सुटतेच. मी सिंगापुरात बरीच वर्षं पोर्ट्रेट फोटोग्राफर होते, त्यामुळे हे अधिकाराने सांगते. नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून आले, पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर कॅमेरा घेतला आणि आपल्याच लोकांचे फोटो काढायला लागले. बारसं, डोहाळजेवण, गणपती, भारतातून आजी-आजोबा आले की सगळ्यांचा एकत्र. जुरोंगच्या तळ्याकाठी ऊन चढायच्या आत मी त्यांना उभं करायचे आणि माझं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "जरा जवळ या. अजून थोडं. अहो, तुमचीच बायको आहे!" सगळे हसायचे. नवरा बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचा, पण तापल्या तव्याला बोट लावावं तसा. शेवटी मी मुलाला उचलून मध्ये उभं करायचे. जागा भरायची, फोटो बरा यायचा.

आम्ही दोघं तसे नव्हतो, याचा मला गर्व होता. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जागा मिळाली नाही तर नवरा वरची कडी धरायचा आणि मी त्याचा दंड धरायचे. आमची मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती दोन पावलं लांब उभी राहून इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणायची, "सो एम्बॅरसिंग, लाह!" त्यावर तो मुद्दाम माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवायचा.

मग चाळिशीत मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. आधी अंगावरून जात होतं, ते मी अंगावरच काढलं. शेवटी तपासण्या झाल्या, रेडिएशन ठरलं, सोबत केमो. पुण्याहून आई धावत आली. आमचा चोआ चू कांगचा फ्लॅट छोटा, एक खोली आमची, एक मुलीची. आजारी बाईजवळ बाईमाणूसच हवं, या न्यायाने आई माझ्या खोलीत झोपू लागली आणि नवऱ्याची गादी हॉलमध्ये गेली. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. मला उलट्या व्हायच्या तेव्हा आईच लागायची.

हॉस्पिटलमध्ये एक चिनी नर्स होती, साधारण माझ्याच वयाची. उपचार संपत आले तेव्हा तिने नेहमीचे प्रश्न विचारले, भूक, झोप, लघवी, आणि त्याच सुरात पुढे विचारलं, नवऱ्याबरोबर असताना काही दुखतं का? आई शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिला एवढं इंग्रजी कळतं. ती भिंतीवरचं हात धुण्याचं पोस्टर वाचायला लागली. मी म्हटलं, "नो, नो, नो प्रॉब्लेम." प्रॉब्लेम येणार कुठून? आमच्या दोघांच्या मध्ये माझी आईच झोपत होती. नर्स पुढच्या प्रश्नाकडे वळली.

आईच्या व्हिजिट पासची मुदत संपली आणि तिला जावं लागलं. मला उभं राहवत नव्हतं, म्हणून नवरा एकटाच तिला विमानतळावर सोडायला गेला. जाताना तिने पथ्य घालून दिलं. वांगं नको, हरभऱ्याची डाळ नको, लोणचं नको, हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांकडे तर फिरकायचंही नाही. नवऱ्याने ते पथ्य देवाचं व्रत पाळावं तसं पाळलं. ज्या माणसाला चहाखेरीज काही येत नव्हतं, तो मुगाचं वरण आणि मऊ भात शिकला. ऑफिसला जायच्या आधी तो माझं सगळं झाकून ठेवायचा. संध्याकाळी मला ब्लॉकखाली फिरवायचा, माझ्या चालीने चालायचा. एवढं कोण करतं?

पण गादी हॉलमध्येच राहिली. आई गेल्यावर तो खोलीत येईल असं मी धरून चालले होते. पहिल्या दिवशी वाटलं, माझी झोप मोडू नये म्हणून असेल. मग आठवडे गेले, महिने गेले. रोज सकाळी तो गादी गुंडाळून सोफ्यामागे उभी करायचा. गोळी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवायचा. ताप बघायला तेवढा कपाळाला हात लावायचा. फिरताना माझा तोल गेला तर धरायचा आणि मी सावरले की लगेच सोडायचा. माझी पाळी एकदम बंद झाली होती, आतून सगळं कोरडं पडलं होतं, अंग सुजलेलं. मी मनाशी ठरवून टाकलं, त्याला माझी किळस येते. बाथरूममध्ये नळ सोडून मी रडायचे. त्याला विचारायला काय झालं होतं? माझी जीभ काही झडली नव्हती, दुकानदारांशी मी रोज भांडत होते. पण "तू माझ्याजवळ का येत नाहीस" हे वाक्य मी आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. आमच्या घरांत ते कुणी म्हणतच नाही.

वर्षभराने रिपोर्ट चांगले आले. आईने व्हिडिओ कॉलवर आधी देवाला हात जोडले, मग पथ्य सोडवलं. "आता खा हो वांगं. बेताने खा, पण खा." त्याच शनिवारी नवरा टेक्काच्या भारतीय बाजारात जाऊन छोटी काटेरी वांगी घेऊन आला आणि फोनवर आईला विचारत विचारत त्याने भरली वांगी केली. पहिला घास घेतला आणि माझे डोळे वाहायला लागले. "तिखट झालं का गं?" त्याने विचारलं आणि पाणी ओतून दिलं. मी हो म्हटलं.

त्या गणपतीत मी टायमर लावून आमचा तिघांचा फोटो काढला. रात्रंदिवस लोकांना नीट उभं करणारी मी, पण तेव्हा धावत जाऊन जिथे जागा दिसली तिथे उभी राहिले. नंतर कॉम्प्युटरवर पाहिलं तर मुलगी आमच्या बरोब्बर मध्ये. तिला कोणी तिथे उभं केलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या फोटोत मी असली जागा कॉम्प्युटरवर मिटवून देत असे, नवऱ्याला थोडं सरकवायचं की झालं. आमच्या फोटोत मुलीला बाजूला नेऊन त्याला माझ्याजवळ आणून पाहिलं. तो परका वाटायला लागला. मी फोटो आहे तसाच ठेवला आणि दोन्हीकडच्या घरी पाठवला. सगळ्यांनी लिहिलं, किती छान.

पुढे एक बाई तळ्याकाठी फोटो काढून घ्यायला आली. बँकेत अकाउंटंट, स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेली, डोक्यावर नुकते कुरळे केस आलेले. तिला एकटीचाच फोटो हवा होता. मी लेन्स बदलत असताना ती म्हणाली, "घरात माझ्याकडे आता कोणी बघत नाही. म्हटलं, तुम्ही तरी बघाल." मी म्हटलं, "हनुवटी जरा वर घ्या." ती बिचारी हनुवटी वर घेऊन बसली. ती गेल्यावर मी बॅग न आवरता तशीच बाकावर बसून राहिले. माझंच दुःख समोरून चालत आलं होतं आणि माझ्याकडे त्यासाठी दोन शब्द नव्हते. मला स्वतःचा भयंकर राग आला.

त्या रागातून मी शिकायला लागले. आधी समुपदेशन, मग लैंगिक आरोग्य, आजारानंतरचं शरीर, आजारानंतरचा संसार. आमच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली, "ती तसलं काहीतरी शिकते म्हणे." एका कुटुंबाने ठरलेलं फोटोशूट रद्द केलं, जसा काही माझा कॅमेरा विटाळला होता. आई नातेवाइकांना सांगायची, "ती दवाखान्यात असते." नवरा मात्र मला वर्गावर सोडायला यायचा. मी काय शिकते ते त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. न बोलण्यात आम्ही एव्हाना सराईत झालो होतो.

कोर्समध्ये पहिल्या भेटीचे प्रश्न कोणाला तरी पेशंट करून घोटायचे होते. रविवारची दुपार होती, मुलगी ट्यूशनला गेलेली. नवरा जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत बसला होता. मी म्हटलं, "माझा पेशंट होतोस का?" तो हो म्हणाला, तो कशालाच नाही म्हणत नाही. मला वाटलं, काहीतरी गमतीचं बोलेल. मी वहीबिही बाजूला ठेवून शिकवलेल्या सुरात विचारलं, "कशासाठी आलात?"

तो ऑफिसातल्या इंग्रजीत म्हणाला, "माय वाइफ हॅड कॅन्सर."

हे गमतीचं नव्हतं. पण शिकवलेलं होतं, आवाज हलू द्यायचा नाही. "आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून आम्ही तसे एकत्र नसतो." हे तो मराठीत म्हणाला.

"हे कोणी ठरवलं?"

त्याने लसणीची पाकळी बराच वेळ बोटांत फिरवली. "आईंनी सांगितलं होतं. विमानतळावर. आत जायच्या आधी मला बाजूला घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तिला जपा. आणि त्या बाबतीत आता तिला त्रास देऊ नका. तेवढं पथ्य पाळा."

"मग?" मी विचारलं. माझा आवाज हललाच.

"मग पाळलं. वांगं आता चालेल म्हणून सांगितलं, तसं त्या याचंही सांगतील असं वाटलं. त्यांनी सांगितलं नाही. नंतर वाटलं, तुलाच नको असेल. तू कधी काही बोलली नाहीस."

मुलगी आता माझ्यापेक्षा उंच झाली होती, इतका काळ गेला होता. मी तशीच उठून आईला फोन लावला. इतकी संतापले होते की तिची तब्येतही विचारली नाही. "तू याला विमानतळावर काय सांगितलं होतंस?"

ती म्हणाली, "अगं, मी जखम भरेपर्यंत म्हटलं होतं. महिना-दोन महिने."

"मग नंतर सांगितलं का नाहीस?"

"जावयाला असलं एकदा सांगतानाच माझा जीव गेला होता गं. परत कुठल्या तोंडाने सांगू? वाटलं, तुमचं तुम्हाला कळेल." मग हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांच्याकडे फोन दे."

तो फोन घेऊन मागे कपडे वाळत घालतो तिथे गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी विचारलं, काय म्हणाली? "जेवलात का विचारलं. मग काही बोलल्याच नाहीत. मग रडायला लागल्या. मी म्हटलं, कळलं मला, आई."

आता वन-नॉर्थजवळ माझी सल्ल्याची छोटी खोली आहे. कॅन्सरनंतरची जोडपी येतात, आपलीही येतात, आधी आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना ते बघून. काय बंद ठेवायचं, किती दिवस आणि कधी सुरू करायचं, ते मी डॉक्टरांकडून विचारून घेते आणि दोघांना एकत्र बसवून मोठ्याने सांगते. कोणी लाजतं, कोणी रडतं. काहींचं जुळतं. आमचंही त्याच दुपारी जुळलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं.

त्या दुपारी नवरा सोफ्यावरची उशी घेऊन खोलीत आला. जुन्या बाजूला, अगदी कडेला, छातीवर हात ठेवून आडवा झाला. मी माझ्या बाजूला. आमच्या मध्ये एक पोर सहज मावलं असतं. जन्मभर परक्यांना म्हणत आले ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, पण ते बाहेर येईना. मग त्याचा हात आला, चाचपडत, आणि माझ्या कपाळावर उपडा टेकला. आजारपणापासून इतकी वर्षं तो मला असाच हात लावत आला होता, हाताला तेवढंच येत होतं.

"ताप नाहीये रे," मी म्हटलं.

"माहितीये," तो म्हणाला. पण हात त्याने तिथेच ठेवला.