डबीतली कातडी

“कातडी पिकवायला चाललीय म्हणं. ती बी डबीत!”

ओझर विमानतळाच्या दाराशी काकू आईच्या कानात म्हणाली. पण काकूची कुजबुज पार आमच्या सायखेड्यापर्यंत ऐकू जाते. आई हसली. “मंग? आपन ट्रेमधी झेंडूची रोपं करतोच की,” म्हणाली आणि तिने उजवी बाही मनगटापर्यंत ओढली. निघाले होते मी, पण नेहमीसारखी गप्प.

त्या बाहीखाली भाजल्याचा जुना, ताणलेला व्रण आहे. मी चार वर्षांची असताना माझ्या आंघोळीचं उकळतं पाणी तिच्या हातावर सांडलं. घरात कुणी कधी तो विषय काढला नाही. इंग्लिश मीडियममध्ये मी ‘स्किन’चे सगळे थर पाठ केले, आईचा हात मात्र कधी नीट पाहिला नाही.

आता बंगळुरूच्या लॅबमध्ये मी भाजलेल्यांसाठी कातडीच्या मूळ पेशी वाढवते. नखाएवढ्या तुकड्यापासून चपट्या डबीत तळहाताएवढा पातळ पापुद्रा तयार होतो. पहिल्याच महिन्यात माझी एक बॅच वाया गेली. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेतली, परत आले तर डबी काठोकाठ भरलेली. मला वाटलं, काय छान वाढल्यात! पण दाटी झाली की या पेशी जून होतात, पुढे वाढत नाहीत. लाज वाटली. पप्पा ट्रेमधली रोपं काढायला एक दिवस उशीर करत नाहीत. “दाटलं की रोप थकतं,” म्हणतात.

फोनवर हे सांगितलं, तर आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुझ्या डबीतल्या कातडीला घाम येतो का गं?”

“का?”

“माझ्या हाताला येत नाय. उन्हात तेवढाच पेटल्यावानी होतो. मंग चिरतो.”

इतकी वर्षं मला वाटायचं, बाही व्रण झाकायला आहे. ती ऊन अडवायला होती.

घामाच्या ग्रंथी आम्हाला अजून तयार करता येत नाहीत. तसं सांगितलं. “बरं. बघ जमलं तर,” आई म्हणाली, जणू शेतात नवं वाण लावून बघायचंय.

घराची आठवण आली की आता मला तो हात दिसतो, बाहीबाहेर.

लॅबच्या शुक्रवारच्या मीटिंगमध्ये आठ महिने मी तोंड उघडलं नव्हतं. परवा सरांनी “काही प्रश्न?” विचारलं, सगळे लॅपटॉप मिटायला लागले, आणि माझा हात वर होता.

“या कातडीला घाम यायला हवा,” मी म्हणाले. “माझी आई उन्हात काम करते.”