ऑक्टोबरसाठी राखून ठेवलेली मॅच

गेल्या एप्रिलमध्ये भाचा त्याच्या नोकरीच्या गावाहून, बेलव्ह्यूहून, चार दिवसांसाठी आला. बॅग दारातच ठेवून त्यानं बापाला विचारलं, "बाबा, संडेला बेसबॉल बघायला स्टेडियममध्ये जायचं? व्हीलचेअरसाठी वेगळी जागा असते. मी आत्ता बुक करतो."

दादा म्हणाला, "एप्रिलच्या मॅचला काय अर्थ आहे? ऑक्टोबरात जाऊ."

"तोपर्यंत टीम आउट झाली तर?"

"होत नाही. या वर्षी आपली टीम चांगली आहे."

भाच्यानं माझ्याकडे बघितलं. "आत्या, तू सांग ना त्याला." मी सांगितलं नाही. मी सांगून दादानं काही ऐकलं, असं आजवर एकदाही झालेलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. तरुणपणी इंजिनियर होऊन या देशात आला आणि इथं वाळवंटातल्या चँडलर गावीच चिपच्या कारखान्यातून निवृत्त झाला. वहिनी गेली, मग त्याच्या किडन्या गेल्या. माझा नवरा त्याआधीच गेला होता. माझे इथं येण्याचे कागद दादानं फार वर्षांपूर्वी घालून ठेवले होते, ते नेमके तेव्हा मंजूर झाले आणि मी इथं आले. भावाचं प्रेम बघा, असं इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणतात. त्याला पोळ्या करणारं माणूस हवं होतं, मला डोक्यावर छप्पर हवं होतं. दोघांचं भागलं.

बेसबॉल मला दादामुळे कळला. त्यानं मुद्दाम शिकवला नाही. तो बघायचा आणि मी शेजारी बसून भाजी निवडायचे. उन्हाळ्यात इथं सकाळी नऊनंतर दाराबाहेर पाय टाकता येत नाही, मग बघणार काय? दोन उन्हाळ्यांत मला सगळं कळायला लागलं. मॅच बघताना दादा माणसासारखा बोलायचा, एरवी बोलायचा नाही. आठवड्यातून तीन दिवस त्याचं डायलिसिस. त्या दिवशी घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि मॅच लागली की उठायचा. त्याला जगायला डॉक्टरांच्या मशीनपेक्षा ती टीम जास्त उपयोगी पडत होती.

त्याची एकच इच्छा उरली होती. ऑक्टोबरातली एक मॅच, जिंकला तर पुढे आणि हरला तर घरी अशी, स्टेडियममध्ये बसून बघायची. इतकी वर्षं इथं राहून ती राहिली होती. पूर्वी नोकरी होती, मग वहिनीचं आजारपण, मग टीमच धड नव्हती.

आणि आमच्या घराण्याला राखून ठेवायची खोड आहे. आईनं चांगलं लुगडं राखून राखून कसरीला घातलं. दादाच्या घरी काचेच्या कपाटात ताटं आहेत, त्यांवर कुणी जेवलेलं मी पाहिलं नाही. भाच्यानं पहिल्या पगारातून आणलेले टॉवेल रिबिनीसकट कपाटात होते. पाहुणे आले की काढू म्हणून. पाहुणे आले तेव्हा ते पाहुणे इतके चांगले वाटले नाहीत, म्हणून काढले नाहीत. दादा एप्रिलच्या मॅचला नाही म्हणाला, ते त्यातलंच. मलाही त्यात वावगं वाटलं नाही. चांगलं आहे ते नंतर, असंच आम्ही दोघं वाढलो.

मेमध्ये भाच्यानं फोनवर विचारलं, जूनमध्ये विचारलं. "बाबा, इट्स जस्ट अ गेम यार, चल ना." दादाचं उत्तर तेच. जुलैत दादाचे पाय सुजायला लागले. भाच्यानं विचारणं सोडलं.

दर सोमवारी सकाळी दादा कुठली टीम किती जिंकली त्याचा तक्ता छापून फ्रिजवर लावायचा. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तो तक्ता नीट बघितला तेव्हा मी विचारलं, "दादा, हे तिसऱ्या नंबरवाले आपल्यापेक्षा कमी जिंकलेत. मग ते वर कसे?"

"ते त्यांच्या गटात पहिले आहेत."

मग त्यानं समजावलं. एकूण तीस टीम, दोन लीग. प्रत्येक लीगमध्ये तीन गट, गटात पाच टीम. गट पाडलेत नकाशा बघून, हे पूर्वेचे, हे मधले, हे पश्चिमेचे. गटात जो पहिला तो पुढे जातो. ते झाले तीन. उरलेल्यांतून जास्त जिंकलेले आणखी तीन घेतात, पण त्यांचा नंबर गटात पहिल्या आलेल्यांच्या खालीच लागतो, ते कितीही जास्त जिंकलेले असोत. वरचे दोन पहिल्या फेरीत खेळतच नाहीत, आराम करतात. तिसरा सहाव्याशी खेळतो, चौथा पाचव्याशी. तीनपैकी दोन जिंकायच्या. आणि त्या सगळ्या मॅच वरच्या नंबरवाल्याच्या घरी, त्याच्याच स्टेडियममध्ये.

"म्हणजे आपण त्या समुद्राकाठच्या श्रीमंत टीमच्या गटात आहोत म्हणून मेलो."

"मेलो कशाला? चौथा नंबर आला तरी मॅच घरी होते."

"पण जास्त जिंकून खालचा नंबर का?"

"अगं, गटातल्या गटात मॅच जास्त होतात. सगळे सगळ्यांशी सारखे खेळत नाहीत. मग सगळ्यांची एक यादी कशी लावणार?"

"आपल्या गटात तगडे आहेत. त्यांच्याशीच जास्त खेळून आपण जास्त जिंकलोय. मग तर आपला मान वर हवा."

दादा हसला. "तुला नाही कळायचं. सीझन सुरू व्हायच्या आधी नियम छापलेले असतात. सगळ्यांना माहीत असतात. मग अन्याय कसला?"

मी गवार निवडत होते. शेंगांचे देठ मोडत राहिले. हे वाक्य मी त्याच्याच तोंडून आधी एकदा ऐकलं होतं.

मी चौथी पास आहे. आमच्या वेळी चौथीची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागायची. त्या वर्षी तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह नवीन निघालं होतं आणि प्रत्येक केंद्रात पहिली येणाऱ्या मुलीला तिथं फुकट ठेवून पुढे शिकवणार होते. आमचं गाव नदीच्या अलीकडे, म्हणून आम्हाला तालुक्याचं केंद्र. तिथं वकिलांच्या, मास्तरांच्या मुली. मी दुसरी आले. पलीकडच्या गावातली एक मुलगी तिच्या केंद्रात पहिली आली, तिचे मार्क माझ्यापेक्षा कमी. तिला जागा मिळाली. गुरुजी दोघींचे मार्क कागदावर उतरवून आमच्या घरी आले. म्हणाले, अर्ज करा, कदाचित घेतील. वडिलांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी दादाला विचारलं, तो तेव्हा हायस्कुलात होता. दादा म्हणाला, "नियम आधीच छापलेला होता. केंद्रात पहिली येईल तिला. अर्ज करून काय होणार?"

अर्ज झाला नाही. दादा खोटं बोलला नव्हता. मी गोवऱ्या थापायला लागले, आणि पुढची सगळी वर्षं तसलीच गेली. त्या नदीला उन्हाळ्यात घोटाभर पाणी असायचं.

हे मी दादाला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्याला आठवत असेल असंही मला वाटत नव्हतं.

सप्टेंबरात आमची टीम चौथ्या नंबरवर होती. दादानं डायलिसिसच्या केंद्रातल्या बाईंशी बोलून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या वेळा मागेपुढे करायची सोय करून ठेवली. कपाटातून टीमची टोपी काढली. टोपीवरचं लेबल अजून होतं, ते त्यानं काढलं नाही. भाच्यानं दोन सीट धरल्या, मॅच इथं झाली नाही तर पैसे परत अशा. शेवटच्या आठवड्यात टीम लागोपाठ हरली. एक मॅच तर फक्त एका पोराच्या हातातून बॉल सुटला म्हणून गेली. चौथ्याचे पाचवे झालो, रविवारी सहावे.

सोमवारी दादानं तक्ता छापला नाही. मी भाच्याला फोन करून विचारलं.

"आत्या, आपण सिक्स्थ. थर्डवाल्यांकडे जावं लागणार. दोन तास विमान."

"ते आपल्यापेक्षा कमी जिंकलेत ना?"

"हो. त्यांची डिव्हिजन वीक आहे. इट्स सो अनफेअर."

"मग दोन फेऱ्या जिंकू दे, इथं येतील की."

"एक फेरी जिंकली तरी पुढच्या फेरीत इथं गेम असतो, आत्या. एकच जिंकायची आहे."

म्हणजे अजून आशा होती. आशा ही मला कधी आवडलेली नाही. पाहुण्यासारखी येते आणि जेवायच्या वेळी उठून जाते.

मंगळवारी हरलो. बुधवार डायलिसिसचा दिवस. मॅच दुपारी होती आणि दादाची वेळही तीच. घरी मॅच व्हायची नाही म्हटल्यावर त्यानं बाईंना सांगून सगळं पूर्वीसारखं करून घेतलं होतं. खुर्चीला छोटा टीव्ही असतो. दादाच्या हातात सुया, छातीपर्यंत पांघरूण, डोक्यावर ती लेबलवाली टोपी. मी बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. तिथं भयंकर गार असतं.

टीव्हीवर त्यांचं स्टेडियम खचाखच भरलेलं. सगळे एका रंगाचे कपडे घालून पांढरे रुमाल फिरवत होते. आमचा पोरगा बॅट घेऊन उभा राहिला की असा आरडाओरडा की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत नसेल. सातव्या डावापर्यंत बरोबरी होती. मग त्यांनी एक मारला, तो गर्दीत पडला आणि गर्दीनंच तो झेलला. संपलं.

मशीनवर काम करणारी मुलगी आली, दादाचं ब्लड प्रेशर बघितलं, टीव्हीकडे बघून म्हणाली, सॉरी. ती गेल्यावर दादा म्हणाला, "हे बरोबर नाही."

"काय?"

"जास्त जिंकलो आपण. मॅच इथं व्हायला हवी होती. आपल्या लोकांपुढे असती तर हरलो नसतो. कुणीतरी एक रेघ मारतो, अलीकडचे पलीकडचे, आणि माणसाचं वर्ष जातं." त्यानं मोकळ्या हातानं टीव्ही बंद केला. "सरळ अन्याय आहे हा."

मी म्हटलं, "नियम आधीच छापलेला होता ना, दादा? मग अन्याय कसला?"

मला वाटलं उन्हाळ्यातलं त्याचंच वाक्य मी त्याला परत ऐकवलं, एवढंच त्याला कळेल. पण तो हळूच म्हणाला, "तुला अजून आठवतं?"

"चौथीपर्यंतचं सगळं आठवतं. पुढचं शिकलेच नाही."

नळीतून त्याचं रक्त बाहेर जात होतं आणि परत येत होतं. मग तो म्हणाला, "अर्ज करायला हवा होता."

"हो."

"घेतलं असतं की नसतं, कोण जाणे."

"करायला हवा होता," मी म्हटलं.

इतकंच. हे ऐकायला मी सगळा जन्म थांबले होते, असं कुणाला वाटेल. मलाही पूर्वी तसं वाटायचं. पण ते कानावर पडलं तेव्हा काही झालं नाही. पाय गारठले होते आणि त्याचा अजून दीड तास बाकी होता. त्याच्यावर अन्याय झाला तेव्हा त्याला अन्याय कळला, यात त्याची काय मोठी गोष्ट? आणि त्या दिवशी आजारी माणसाला टोचून बोलले, याचं मला वाईटही वाटलं नाही. आजही वाटत नाही.

हिवाळ्यात दादा दोनदा हॉस्पिटलात जाऊन आला. आता त्याला तास-दीड तासाच्या वर बसवत नाही. गर्दीत न्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. यंदा एप्रिलमध्ये भाच्यानं फोन केला, पण स्टेडियमचा विषय काढला नाही. तो हवापाण्याचं बोलला. दादा टीव्ही लावतो, पण चौथ्या-पाचव्या डावात त्याचे डोळे मिटतात. फ्रिजवर तक्ता नाही. मी एकदा त्याला विचारलं, "गट तेच आहेत का यंदा?"

"तेच," तो म्हणाला.

त्याच दिवशी मी कपाटातले टॉवेल काढले, रिबीन कात्रीनं कापली आणि दादाला अंघोळ घालून त्यातल्या एकानं पुसलं. इतकी वर्षं घडी पडलेला, न धुतलेला टॉवेल. पाणी टिपेना, नुसतं इकडून तिकडे फिरवायचा. दादा कुडकुडत म्हणाला, "जुना आण गं."

मी जुना आणला.