हळदीत नाचताना
ओल्या हळदीचा वास आला की मला माहीमला झालेली धाकट्या बहिणीची हळद आठवते. बायपोलर या मनाच्या आजारावरच्या गोळ्या सुरू होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. अंगणात बेंजो वाजायला लागला आणि मी बेभान नाचत सुटले, तोच आईचा घाबरलेला चेहरा दिसला. मागच्या वेळी आजार असाच उसळला होता, दिवसचे दिवस झोपेशिवाय, थांबताच येत नव्हतं. माझे पाय जागीच थांबले. आत्या जवळ आली. “काल झोपलीस ना?” “झोपले.” “गोळी?” “घेतली.” “आन् आता आपणहून थांबलीस ना? मग आजार नाय, हलद चढलीय तुला. नाच!” मला हसू फुटलं आणि मी आईलाही नाचात ओढलं. आजही खूप आनंद झाला की मी आधी रात्रीची झोप आठवते, मग खुशाल नाचते.