डबा एकच आहे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण आता — आता हे गिळून बसवत नाही.

घाटकोपरच्या एका मराठी शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. कर्ता-क्रियापद आणि सेमीकोलन हे माझे हुकमी धडे. शिक्षकदिनाला आमच्याकडे दहावीची मुलं शिक्षक व्हायची आणि आम्ही शेवटच्या बाकावर बसायचो. एका वर्षी आठवीवर शुभांगी आली. आईची साडी, जागोजाग पिनांनी टाचलेली. तिला शिक्षिकाच व्हायचं होतं. सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

सेमीकोलन तिने सुरेख शिकवला. माझ्यापेक्षा सुरेख — हेही आज पहिल्यांदाच म्हणते आहे. मग फळ्यावर लिहिलं, 'द बॉक्स ऑफ पेन्सिल्स इज'. एक मुलगा म्हणाला, बाईंनी तर 'आर' लिहून दिलंय. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. शुभांगी हळूच म्हणाली, "डबा एकच आहे ना, बाई."

बरोबर होतं तिचं. मला त्याच क्षणी कळलं. इतकी वर्षं मी चुकीचं शिकवत होते — आणि मी काय केलं? उठून म्हणाले, "शिकवायला उभं राहायचं तर घरून वाचून यावं." पोरं हसली. तिने घाईघाईने पदरानेच फळा पुसला.

एवढ्यावर थांबले असते तरी... पण नाही. दहावीच्या निकालानंतर तिची आई घरी आली. "बाईनू, माजा चेडू म्हणता, माका शिकवूक जमाचा नाय. तुमीच सांगा, जमात ना तेका?"

एक 'हो' पुरलं असतं. पण ही उद्या शिक्षिका झाली, कुठे त्या दिवसाची गोष्ट निघाली तर? माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, "नसेल जमत, तर कशाला भरीस घालता?" ती बिचारी मला नमस्कार करून गेली.

त्याच जूनपासून मी गुपचूप 'इज' शिकवायला लागले.

शुभांगी आता मुलुंडला एका साडीच्या दुकानात काउंटरवर असते. गेल्या सोमवारी तिने लेकीला माझ्याकडे शिकवणीला पाठवलं. पोर म्हणाली, आईला इंग्रजीचं काही विचारलं की म्हणते, मला नाही गं येत, बाईंनाच विचार.

मी वही उघडली. तेच पेन्सिलींच्या डब्याचं वाक्य लिहून दिलं, 'इज' घालून. तिने विचारलं, "'इज' का?"

मी म्हणाले, "डबा एकच आहे ना."

पोरीने मान हलवली आणि लिहून घेतलं.