दार अडवणारे रायर

रायर कोणत्याही विनोदाला हसत नसत. चेन्नईत अड्यारला त्यांचा गाण्याबजावण्याचा आणि विनोदाचा क्लब होता. मालकच हसत नाही म्हटल्यावर विनोद सांगायला आलेल्या पोरांची हवा तिथेच जाई. हे आपले मागे दाराला टेकून, वैतागलेल्या हेडमास्तरांसारखे उभे.

घराणं मूळचं तंजावरचं, मराठीही तिथलीच. माझी बदली चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्याच्या ऑफिसात झालेली. मराठी बोलायला माणूस मिळेना म्हणून शनिवारी संध्याकाळी मी लोकल आणि बस करत तिथे जाई. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पहिल्याच दिवशी बाकीचे वादक थांबले आणि ड्रमवाला एकटाच बडवत सुटला, तशी मी पर्स उचलली. रायरांनी दार अडवलं.

"अक्का, तो एकला वाजवीत आहे. आतां उठूं नये."

"माझी गाडी चुकेल."

"दुसरी येते की."

असा राग आला म्हणून सांगू! पण बसले.

कारण पुढे कळलं. त्यांचे वडील मृदंग वाजवत. मैफलीत मृदंगाची एकट्याची पाळी आली की लोक उठून कँटीनकडे वळतात, ही इथली जुनी खोड. चांगले जाणकारसुद्धा त्यात आले.

"अप्पांनी जन्मभर लोकांच्या पाठी पाहिल्या," रायर म्हणाले. "घरी येऊन जेवीत नसत."

म्हणून क्लबात नियम एकच: मंचावर कोणी एकटा असला की दार बंद. पुढे बँड कमी झाले, विनोदवाले वाढले. एखाद्याचं काहीच जमेना, घाम फुटला, तरी रायर दार सोडत नसत. "हसूं नका. पण बसा."

मग इमारत विकली गेली. शेवटच्या शनिवारी पोरांनी रायरांना आग्रहाने मंचावर चढवलं. फार थकलेले दिसत होते. सुरुवात तमिळमध्ये केली, पण अप्पांचा विषय निघाला आणि ते नकळत घरच्या मराठीत शिरले. माझ्याशिवाय कुणाला काही कळेना. खुर्च्या सरकू लागल्या. रायर बोलायचे थांबले आणि दाराकडे पाहत राहिले.

दाराशी कोणीच नव्हतं. मी उठले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. एक तरुण बॅग घेऊन समोर आला.

"ट्रेन, मॅडम."

"दुसरी येते की," मी मराठीतच म्हणाले.

त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो परत जाऊन बसला. रायर पुढे बोलू लागले.