आज कोणी नाही

सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आधीची दोन-तीन वर्षे मी तिथे बमरोलीत भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि उधन्यातल्या एका छोट्या मराठी दैनिकात उपसंपादक होतो. दुपारी बाराला निघायचे, रात्री परतायचे. चौथे पान माझ्याकडे होते: बाजारभाव, गाड्यांच्या वेळा आणि निधन वार्ता. निधन वार्तेचा साचा ठरलेला असे. नाव, वय, मूळ गाव, सुरतेतला पत्ता, शेवटी ‘पश्चात मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’. चार ओळी. पाचवी आली तर मी कापत असे.

शेजारच्या खोलीत शिरपूरकडचे एक कुटुंब राहत होते. मुलगा यंत्रमागावर रात्रपाळीला होता. सकाळी आठला येई, जेवून झोपे. सून साड्यांचे धागे कापायला जाई, मुले गुजराती शाळेत जात. मुलाची आई, सत्तरीची, सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर ओट्यावर गोणपाट टाकून बसे. दार आतून बंद. खोली एकच होती आणि मुलाला उजेड व आवाज दोन्ही चालत नसे. अर्धवट झोपेत मागावर उभा राहिला तर हात जाईल, हे तिला समजत होते. म्हणून ती बोलत नसे. तिच्यावर कोणी सक्ती केली नव्हती.

संध्याकाळी दार उघडे तेव्हा ती नातीला जवळ घेऊन अहिराणीत काही सांगू लागे. नात हसे. “आजी, शुं बोले छे? समजातुं नथी!” म्हणून पळून जाई. सुनेला अहिराणी येत होती, पण ती तोवर स्टोव्हला पंप मारत असे.

एकदा सकाळी मी दारात पेपर वाचत होतो. तिने हळूच विचारले, “दादा, त्याम्हा कोन गयं?”

मी चौथे पान उघडून वाचले. पांडेसऱ्यात अमळनेरकडचे एक गृहस्थ वारले होते. तिने पत्ता दोनदा विचारला. नंतर उठली, लुगड्याचा पदर डोक्यावर घेतला आणि चालत गेली. पाचनंतर परतली तेव्हा तिचा घसा बसलेला होता आणि चेहरा ताजा दिसत होता.

खानदेशात कोणी गेले की लोक दारावर जातात. ओळख किती आहे, हे कोणी विचारत नाही. बाई बायकांत बसते, गेलेल्याचे विचारते, स्वतःच्या घरातले मेलेले आठवते, गळ्यात पडून रडते. सुरतेतही ही रीत चालू होती. ओट्यावरच्या बाईला अख्ख्या शहरात मोठ्याने बोलता येईल अशी हीच एक जागा होती. तिथे तिला सगळे समजत होते आणि तिचेही सगळ्यांना समजत होते. तिचा नवरा कसा गेला, हे तिथे कोणीतरी विचारत असे.

मग रोज अकरा वाजता मी तिला निधन वार्ता वाचून दाखवू लागलो. समोरची परभणीची बाई धुणे धुताना चिडवायची, “काय मावशे, आज कुणाच्या दारात?”

“तुन्ही सासू जाऊ दे, मंग तुन्हाकडे येसू,” ती म्हणायची आणि तोंडावर पदर धरून हसायची. आवाज न करता.

तिने मला एक काम सांगितले होते. तिची मामेबहीण उधन्यात राहत होती. दोघी एकाच अंगणात वाढल्या होत्या. गल्ली माहीत नव्हती. नाव आणि माहेरचे गाव तिने सांगितले आणि म्हणाली, “तू पेपरवाला शेस. तुले सापडी.” मी शोधतो म्हणालो. शोधले नाही. उधन्यात मी रोज जात होतो.

पावसाळ्यानंतर एका तरुण मुलाच्या दारावर ती गेली. लग्नाला वर्ष झाले नव्हते. तिथे ती तीन तास बसली. त्याच्या आईने तिचा हात सोडला नाही, असे ती नंतर म्हणाली. निघताना तिच्या तोंडून गेले, “येस मी, माय.”

दारावरून निघताना ‘येते’ म्हणायचे नसते. न बोलता उठायचे असते. त्या घरी पुन्हा तशाच कारणाने येणे होऊ नये म्हणून. हे तिला लहानपणापासून माहीत होते. इतकी दारे करूनही ती कधी चुकली नव्हती. त्या घरी तिला परत जावेसे वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरचे दोघे आले आणि दार वाजवू लागले. मुलगा झोपेतून उठून बाहेर आला. त्यांतला एक ओरडला, “म्हातारी कोन? आमच्याकडं अजून एक मढं पायजे का तिला?” मुलाने हात जोडले. आई ओट्यावर मान खाली घालून बसली होती. पाच वाजता तो माझ्याकडे आला.

“भाऊ, आईले त्या बातम्या वाची दाखाडू नका. लोके मन्हा दारवर भांडाले येतस. मी झोपू कव्हय?”

त्याचे डोळे लाल होते. मी बरे म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अकराला तिने विचारले, “दादा, कोन गयं?”

“आज कोणी नाही, आजी.”

“कोनीच नई?”

“नाही.”

हे साधारण चार महिने चालले. ती रोज विचारी, मी रोज तेच सांगे. सुरतेत चार महिने एकही खानदेशी माणूस मेला नाही, यावर तिचा विश्वास बसला असेल असे नाही. पण ती विचारत राहिली. त्या सुमारास मला पहिले पान मिळाले होते आणि चौथे पान दुसऱ्याकडे गेले होते. मी ते उघडणे सोडून दिले. खोटे सांगायला वाचावे लागत नाही.

फेब्रुवारीत कामरेजहून तिची भाची आली. ओट्यावरच बसली. “मावशी, तू उनी नई? आख्खी भाऊबंदकी उनी. पेपरम्हा बी दिन्हं व्हतं.” मामेबहीण जाऊन वीस दिवस झाले होते. दहावे, तेरावे झाले होते. खोली रिकामी करून मुले गावाला निघून गेली होती. आता दार नव्हते.

मी कार्यालयात जाऊन जुना अंक काढला. चार ओळी. नाव, माहेरचे गाव, पत्ता. ती गल्ली माझ्या कार्यालयाच्या मागे होती. मी तिथल्या टपरीवर चहा प्यायचो.

पुढच्या दिवशी अकरा वाजता ती ओट्यावर होती. तिने विचारले नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आठवड्याने मीच पेपर घेऊन तिच्यासमोर गेलो, चौथे पान काढले आणि म्हणालो, “आजी, आज दोन आहेत. वाचू?”

तिने ओठांवर बोट ठेवले आणि बंद दाराकडे पाहिले.

“पोऱ्या झोपेल शे,” ती म्हणाली.