दिल्लीची अब्रू

पद्मिनीकाकूंसमोर भारताला नावं ठेवायची सोय नव्हती. जर्सी सिटीतल्या त्यांच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन मी पीएचडी करत होते. मुंबईच्या उकाड्याबद्दल नुसती कुरकुरले तरी काकू म्हणायच्या, "विनीता, इथल्या बर्फात फार सुख लागलंय का तुला?" बाकी बाई लाख मोलाची. दिवसभर शाळेच्या कँटीनमध्ये उभं राहून यायच्या आणि तरी कोणी बोलावलं की कोट चढवून निघायच्या.

१९८३ सालची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या चर्चच्या तळघरात काही वकील फुकट सल्ला द्यायचे. जिवाच्या भीतीने देश सोडून आलेल्या लोकांना इथे राहू द्या, असा असायलमचा अर्ज ते भरून द्यायचे. तिथे काबूलची जरगुना आली. तिच्या नवऱ्याला घरातून उचलून नेलं, तो परत आलाच नाही. मग मुलीला घेऊन ती दिल्लीला पळाली, तीनेक वर्षं राहिली, म्हणून हिंदी चांगलं यायचं. अमेरिकेचा व्हिसा मात्र तिला एकटीलाच मिळाला. सहा वर्षांची पलवशा दिल्लीत शेजारणीकडे राहिली होती. अर्ज मंजूर झाला की मुलीला आणता येणार होतं. बाईचा सगळा जीव तेवढ्यावर टांगलेला.

अर्जानंतर ऑफिसरसमोर मुलाखत असते आणि दुभाषी आपला आपण न्यायचा असतो. काकूंना हिंदी आणि इंग्रजी दोन्ही यायचं, म्हणून चर्चवाल्यांनी त्यांना विचारलं. काकू तयारच. मी ड्राइव्ह करून दोघींना नेलं आणि बाहेर बसून राहिले. परत येताना काकू खूश होत्या, इंटरव्ह्यू मस्त झाला म्हणाल्या.

कित्येक महिन्यांनी उत्तर आलं. नामंजूर. तळघरात वकील कॅलाहनबाईंनी कारण वाचून दाखवलं: दिल्लीत अर्जदाराचं बस्तान सुखाने बसलं होतं, आणि दुसऱ्या देशात बस्तान बसलेल्यांना असायलम मिळत नाही. काकूंनी कसंबसं हिंदीत सांगितलं.

"मैंने ऐसा कब कहा?" जरगुनाने विचारलं. काकू जमिनीकडे बघत राहिल्या.

गाडीत आम्ही दोघीच असताना काकूंनी मला सगळं सांगितलं. जरगुनाने ऑफिसरला खरं तेच सांगितलं होतं. दिल्लीत राहायचा पक्का कागद नाही, काम करायची परवानगी नाही, घरमालक दारू पिऊन दार ठोठावायचा, लोक म्हणायचे आपल्या देशात परत जा. शेजारीण तेवढी चांगली होती. काकूंनी घरमालक गाळला, कागद गाळला, आणि त्या एका शेजारणीची अख्खी दिल्ली केली. लोक प्रेमळ, बाई मजेत.

"त्या गोऱ्या माणसासमोर आपल्या देशाची लाज कशी काढू गं?"

"काकू, तुम्हाला तिचं बोलणं सांगायला नेलं होतं, दिल्लीची वकिली करायला नाही," मी ताडकन म्हटलं. संताप आला होता मला. काकू रडल्या नाहीत. घरी येऊन कोटसुद्धा न काढता ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या जरगुनाकडे गेल्या आणि सगळं कबूल केलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं काकू नंतर म्हणाल्या. तिने कप पुढे सरकवला आणि म्हणाली, "चाय लीजिए."

एक वाट उरली होती. जजसमोर तोच अर्ज पुन्हा मांडता येतो. पण आधीचं चुकलं हे कोणीतरी सांगायला हवं होतं. कोर्टाची तारीख मिळायलाच वर्षाच्या वर गेलं. तिथे सरकारी वकिलाने काकूंना विचारलं, "तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा," काकू म्हणाल्या. "मला लाज वाटली म्हणून." आणि जरगुनाचं एकेक वाक्य, घरमालकासकट, भर कोर्टात सांगितलं. या वेळी गाळलं काही नाही.

अर्ज मंजूर झाला. मुलीचे कागद व्हायला पुन्हा काही महिने लागले. विमानतळावर जाताना काकू गाडीत मागच्या सीटवर होत्या. मला म्हणाल्या, "ही वर्षं मी खाल्ली गं तिची." खरंच होतं ते. पुढे माझ्या शेजारी बसलेल्या जरगुनाला मराठी कळत नव्हतं. मांडीवरच्या नव्या स्वेटरचं लेबल ती नखाने काढत होती.

पलवशा एअरलाइनच्या बाईचा हात धरून बाहेर आली. नऊ वर्षांची, उंच झालेली. समोर आम्ही तिघी. फॅक्टरीच्या नोकरीसाठी केस कापलेली, पँट आणि जाड जाकीट घातलेली जरगुना, तशीच जीन्समधली मी, आणि मुलगी पहिल्यांदा येतेय म्हणून साडी नेसून आलेल्या काकू. दिल्लीची शेजारीणही साडीच नेसत असणार. पोर तिघींकडे बघत थांबली, मग धावत येऊन काकूंना बिलगली.

जरगुनाने पसरलेले हात तसेच राहिले. काकूंनी आपले दोन्ही हात मागे घेतले, पोरीला लागू दिले नाहीत.

"बेटा, मैं नहीं," त्या म्हणाल्या. "माँ उधर है।"

पलवशाने जरगुनाकडे पाहिलं. काकूंचा पदर काही सोडला नाही.